लिहून पोट भरतं का? तुमचे अनुभव सांगा

सांजवात

परवा भाचीचा मेसेज आला. "मावशी, जानेवारीत राजीनामा देतेय. वर्षभर फक्त लिहिणार. तुला काय वाटतं?" आयटीत बरा पगार आहे तिला, आणि कथा खरंच चांगल्या लिहिते, नुसतं भाचीचं कौतुक नाही हे. उत्तर टाईप केलं, पुसलं, परत केलं, परत पुसलं. शेवटी "घरी ये, बोलू" एवढंच पाठवलं.

तेव्हापासून नव्वदच्या दशकातली माझी मुद्रितशोधनाची वर्षं आठवतायत. सदाशिव पेठेत एका तळघरात बसायचो आम्ही. पैसे फर्म्यावर, म्हणजे १६ पानांना ठरलेला आकडा. कवितासंग्रह आला की आनंदीआनंद (पानावर आठ ओळी, देव त्या कवींचं भलं करो) आणि तळटिपांचा प्रबंध आला की डोळ्यांना पाणी. दरही तोच. तेव्हा मला वाटायचं, पुस्तकांच्या जवळ राहिलं की लिहिणं आपोआप होईल. झालं उलटंच. दिवसभर दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ काढून रात्री स्वतःची कथा घेतली की त्यातही वेलांट्याच दिसायच्या. पात्र रडतंय आणि मी "तीने"ची पहिली वेलांटी करतेय.

यथावकाश कथासंग्रह आला. ५०० प्रतींची आवृत्ती, किंमत १८०, रॉयल्टी दहा टक्के. म्हणजे शेवटची प्रत खपेपर्यंत मिळून ९ हजार. आणि शेवटची प्रत काही लवकर खपत नाही. त्यातल्या बऱ्याचशा ग्रंथालयांनी मार्चअखेर अनुदान संपवताना घेतल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे.

नवऱ्याची बँकेतली नोकरी होती म्हणून हे सगळं चाललं. मुलाखतीत लिहिणाऱ्या बायकांना "प्रेरणा" विचारतात, घरभाडं कोण भरत होतं ते कोणी विचारत नाही.

तर तुमच्यातले जे लिहितात त्यांनी पोटापाण्याचं काय केलं ते सांगा. यशोगाथा नकोत, हिशेब सांगा.

बंडोपंत

पोट भरतं की. छापणाऱ्याचं, विकणाऱ्याचं, सभागृह भाड्याने देणाऱ्याचं.

पडद्यामागची

ताई, एपिसोडची डिलिव्हरी आहे, तरी लिहितेच.

मी मालिकांचे संवाद लिहिते. वनलाईन (सीनचा थोडक्यात आराखडा) चॅनेलकडून पास होऊन यायला दुपार होते, सीन रात्रीपर्यंत द्यायचे, सकाळी सातची शिफ्ट. बँक नसली की (म्हणजे पुढचे एपिसोड हातात नसले की) कलाकार मेकअपला बसलेले असतात आणि मी इकडे डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात उरलेला सीन फोनवर टाईप करत असते, कुकरच्या शिट्ट्यांत. सासू सुनेला घराबाहेर काढते तो सीन मी सासूबाईंसमोर बसून लिहिलाय. त्यांनी वाचून "अजून जरा कडक बोलायला हवी ती" असं सुचवलं. घेतलं.

पैसे एपिसोडमागे, आणि टेलिकास्टनंतर ९० दिवसांनी. सुरुवातीला ह्या ९० दिवसांनी जीव काढला, कारण पहिले तीन महिने नुसतं काम आणि खात्यात काही नाही. पण मालिका बंद पडली की उलटं होतं! काम संपलेलं असतं आणि तीन महिने पैसे येत राहतात. माझी कादंबरी फक्त त्या काळात पुढे सरकते. त्यामुळे मालिका टीआरपीत घसरली की सगळे घाबरतात आणि मला आतून थोडं बरं वाटतं. कुणाला सांगू नका.

निर्मोही

@पडद्यामागची, कोणती मालिका??? आई विचारतेय.

पडद्यामागची

नाही सांगणार. घसरतेय सध्या एवढं सांगते.

फ्लेक्सवाला कवी

आमचं तासगाव भागात डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान हाय. कवितेला कोण पैसा देतंय? पण मंगलाष्टकाला देतंय. नवरा-नवरी, दोन्हीकडचे आजे-आजी, मामा, सगळ्यांची नावं शार्दूलविक्रीडितात बसवून पायजेत. नाव बसंना की "चि. सौ. कां." घालून अक्षरं भरायची. लग्नसराईत दिवसाला दोन-तीन ऑर्डरी. मग मानपत्रं. रिटायर हुणारा प्रत्येक मास्तर "ज्ञानयज्ञातील समिधा" असतोय, मी काय वेगळं लिहाय गेलो तर लोक परत तेच घालाय लावत्यात.

खरा सीझन ग्रामपंचायतीचा. गेल्या टायमाला दोन्ही पॅनेलची प्रचाराची गाणी मीच लिवली. एकाच चालीवर. ह्यांचं भोंगं पुढच्या गल्लीत, त्यांचं मागच्या गल्लीत, आन् मी मधी दुकानात. दोघांकडनं पैसे निकालाआधीच घेतले, ही अक्कल मला वडलांनी दिली.

माझी स्वतःची वही हाय. ती दुकानात आणत नाही.

अनघा_एम

@फ्लेक्सवाला कवी, दोन्ही पॅनेल =)) =))
माझ्या भावाच्या लग्नात गुरुजींनी मंगलाष्टक लिहिणाऱ्या काकांचा कागद मध्येच थांबवला, मुहूर्त चाललाय म्हणाले. काकांनी उरलेली कडवी जेवणाच्या पंगतीत म्हटली. जिलबी वाढायचं थांबलं नाही पण.

हिशेबी

सीए आहे, म्हणून माझ्या वाटचं. जुन्या करप्रणालीत एक सवलत आहे (१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ८० क्यूक्यूबी): साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक पुस्तकाच्या लेखकाला रॉयल्टीवर वर्षाला ३ लाखांपर्यंत वजावट. नव्या प्रणालीत ही मिळत नाही. आणि रॉयल्टीवर टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरून परत मागा. लेखक लोक हे पैसे सोडून देतात, का ते मला कळलेलं नाही.

बंडोपंत

३ लाखांपर्यंत. सरकारलाही विनोदाचं अंग आहे म्हणायचं.

हिशेबी

पाठ्यपुस्तकं मात्र ह्यात येत नाहीत. म्हणजे ज्यांना खरंच ३ लाख मिळू शकतात ते बाहेर :)

मुक्कामी गाडी

नमस्कार. मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. नातवाच्या फोनवरून लिहीत आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

मुक्कामी ड्यूटी सगळ्यांना नकोशी असते. मी मागून घ्यायचो. रात्री नऊच्या सुमारास शेवटच्या गावात गाडी लावायची, वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) पुरं करायचं, कॅश मोजायची, ग्रामपंचायतीच्या खोलीत नाहीतर गाडीतच अंथरूण टाकायचं. चालक झोपून जायचा. पहाटेच्या फेरीपर्यंत तो वेळ माझा. घरी दोन खोल्या, सात माणसं, तिथं कुठला एकांत. गावातला एखादा म्हातारा तंबाखू मळत येऊन बसायचा, त्याच्या बोलण्यातलं अर्धं माझ्या कवितेत आलं आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यानं माझं.

लोक म्हणतात नोकरीनं कवी मरतो. नारायण सुर्वे गिरणीत होते, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. आरती प्रभूंची कुडाळला खाणावळ होती. मला तर नोकरी नसती तर कवितेला माणसंच भेटली नसती. पगार मात्र वेळेवर व्हायला पाहिजे, तो संपाच्या काळात थांबला तेव्हा एक ओळ सुचली नाही. भुकेनं कविता येते असं म्हणणाऱ्याला मी एकदा मुक्कामी गाडीवर नेणार आहे.

सांजवात

काका, हे वाचून दाखवलं घरात सगळ्यांना. तुमचा संग्रह आहे का? कुठे मिळेल?

मुक्कामी गाडी

आहे एक. पलंगाखाली. मागवा, टपालखर्च मीच करीन.

रिकामटेकडा_नाशिक

सगळे नोकरीचा उदो उदो करताय म्हणून जरा उलटं लिहितो. मी सोडली. आता आईवडिलांच्या घरी राहतो, शिकवण्या घेतो, उरलेल्या वेळात कादंबरी. नोकरीत असताना "रविवारी लिहीन" म्हणायचो आणि रविवारी गाडी धुवायचो. ताई, भाचीला सोडू द्या. पगार कधीच "आता पुरे" म्हणत नाही. मी रोज लिहितो आहे हे माझ्यापुरतं पुरेसं आहे. लग्नाच्या बाजारात मात्र "लेखन करतो" म्हटलं की समोरचे "हो, पण करता काय?" विचारतात.

पहिला_पगार

@रिकामटेकडा, राग मानू नका. आईवडिलांचं घर आहे म्हणून सोडता आली. आमच्या घरात महिन्याला पगार आणणारा पहिला माणूस मी. बापाने ऊसतोडीवर शिकवलं. बहिणीची फी, गावाकडच्या पत्र्याचं काम, चुलत्याचं दवाखान्याचं बिल, सगळं एकाच पगारातून. सोडू का नको हा प्रश्न पडायलाही मागे काहीतरी लागतं.

मी तलाठी आहे. सातबारे लिहितो दिवसभर. रात्री कथा लिहितो त्यात सातबाऱ्यावर ज्यांचं नाव नाही ती माणसं येतात. मासिकात कथा आली तेव्हा बापाने विचारलं, ह्याचे किती दिले? अंक दिला म्हटलं. त्याने अंक हातात तोलून बघितला.

रिकामटेकडा_नाशिक

राग कसला. बरोबर आहे तुमचं. मी वडिलांचं पेन्शन ह्या हिशेबात धरलंच नव्हतं.

कथा कुठल्या अंकात आली ते सांगा ना.

शब्दमजूर

मी अनुवाद करते, शब्दावर पैसे. साहित्य नव्हे हो. वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं, विम्याच्या अटी, आणि सगळ्यात जास्त औषधांच्या चाचण्यांची संमतीपत्रकं. त्यात नियम असा की कमी शिकलेल्या माणसालाही कळलं पाहिजे. "प्रतिकूल परिणाम" लिहून चालत नाही, "त्रास होऊ शकतो" लिहायचं. वर्षानुवर्षं हे केल्यावर माझ्या कथांतली विशेषणं गळून पडली. एका संपादकांनी "तुमची शैली कमावलेली आहे" असं लिहिलं. कमावलेली आहेच, शब्दामागे.

पुस्तकाचा अनुवादही केला होता. पानं मोजली, महिने मोजले, आणि नंतर पुन्हा वॉशिंग मशीनकडे गेले.

निर्मोही

मशीनवरून आठवलं, फ्रंट लोड घेऊ की टॉप लोड? सोसायटीचं पाणी जड आहे.

अनघा_एम

फ्रंट. पण वेगळा धागा काढ गं.

फोंडेकर

आमच्या गोंयात जत्रेला मराठी नाटकं होतात, गावचीच मंडळी करतात. मी वडिलांनंतर लिहायला लागलो. ऐतिहासिक पाहिजे, तलवार पाहिजे, शेवटी सगळे स्टेजवर आले पाहिजेत कारण प्रत्येकाच्या घरचे बघायला आलेले असतात. मानधन म्हणजे शाल, नारळ आणि समितीच्या चिटणिसाचं लांब भाषण. दिवसा पंचायतीत क्लार्क. पण देवळासमोर पहाटे तीनपर्यंत माणसं जागी राहून आपलं वाक्य ऐकतात, मागची मुलं ते वाक्य आधीच म्हणतात, तेव्हा पैशांचं विसरायला होतं. दुसऱ्या दिवशी आठवतं. शाली सोळा... नको, बायको वाचते हे.

नवी_कवयित्री

इथे विचारू का माहीत नाही. एका प्रकाशकांनी संग्रह स्वीकारला पण ४० हजार मागतात. त्यात आयएसबीएनचे (पुस्तकाच्या नोंदणी क्रमांकाचे) वेगळे ५ हजार. १०० प्रती मला देणार. हे असंच असतं का? घरी अजून सांगितलेलं नाही.

सांजवात

थांब!! आयएसबीएन आपल्याकडे मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था देते, अर्ज ऑनलाईन करता येतो. त्याचे ५ हजार मागणारा बाकी कशाचे किती लावत असेल ते बघ. स्वतःच्या पैशाने काढायला माझी ना नाही, पुष्कळ चांगले संग्रह तसे निघालेत. पण मग छपाईचा दर दोन ठिकाणी विचार, प्रती सगळ्या तुझ्या, आणि त्याला "स्वीकारला" म्हणायचं नाही. तू गिऱ्हाईक आहेस तिथे.

मुक्कामी गाडी

बाळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. हस्तलिखित तपासून निर्णय देतात. वेळ लागतो. पण वेळ लागू दे, कविता नासत नाही.

बंडोपंत

काही नासतात. माझ्या नासल्या.

नवी_कवयित्री

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. मला वाटत होतं मीच मूर्ख आहे. त्यांना नाही कळवते.

पडद्यामागची

दिवाळी अंकांचं कोणी काढलंच नाही अजून! १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासून आपण सगळे भाद्रपदात कथा लिहितो. संपादक फोन करतात, "ताई, तुमच्याशिवाय अंक पूर्ण होत नाही." मानधनाचं विचारलं की फोन कट होतो, नेमकी तेव्हाच रेंज नसते. पण काही जण न मागता खात्यात टाकतात. त्यांना मी मालिकेचं काम बाजूला ठेवून कथा देते, हे त्यांना माहीतही नाही.

शब्दमजूर

मी आता कथेसोबतच बँकेचा तपशील पाठवते, मेलच्या शेवटी, सहीखाली. कोणी रागावलं नाही. दोघांनी चक्क पैसे पाठवले.

फ्लेक्सवाला कवी

आयडिया भारी. मंगलाष्टकाखाली क्यूआर कोड छापतो.

सांजवात

भाची येऊन गेली. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचत बसली, पोहे गार झाले. तलाठी दादांचा तिने दोनदा वाचला. निर्णय काही सांगितला नाही, ऑफिसात बिनपगारी रजेचं काही असतं का ते विचारते म्हणाली. @हिशेबी, बिनपगारी रजेत पीएफचं काय होतं हो?

हिशेबी

पगारच नसेल तर त्या महिन्याचं योगदान जमा होत नाही, खातं तसंच राहतं. पण कंपनीचा आरोग्य विमा रजेत चालू राहतो का ते एचआरला लेखी विचारायला सांगा, ते जास्त महत्त्वाचं.

निर्मोही

@पडद्यामागची, आईने ओळखली मालिका. म्हणतेय सुनेला आता परत घरात घ्या, फार झालं.

पडद्यामागची

गुरुवारी घेणार आहेत. हे मी बोलले नाही.