पीएफची सक्ती छोट्या धंद्याला हवी का नको?

फॅब्रिकेटर_भोसरी
मंडळी, माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, एकोणीस पोरं कामाला, काम पंचवीस जणांचं आहे पण विसावा माणूस घेत नाय. वीस झाले की पीएफ लागू आणि एकदा लागला की पुढे माणसं दहावर आली तरी सुटत नाही. हिशोब बघा, 15,000 पगारावर मालकाचे 12 टक्के म्हणजे 1,800, वर विमा आणि अ‍ॅडमिन चार्जेसचे मिळून 150, वीस जणांचे झाले महिन्याला 39,000. ते पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचे आणि आमचं बिल मात्र वरची कंपनी नव्वद दिवसांनी काढणार (छोट्या उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यायचा नियम आहे, माहितीय, तो दाखवला की पुढची ऑर्डर बंद). बरं पोरांना तरी पाहिजे का? तर त्यांच्या पण हातातले 1,800 कापणार म्हटल्यावर तीच म्हणतात शेठ नको, रोख द्या. माझं म्हणणं, 50 माणसांपर्यंत पीएफ ऐच्छिक करा, ज्याला पाहिजे त्याने लिहून द्यावं.

दुपारची_शिफ्ट
लिहून द्यावं म्हणे! कॉन्ट्रॅक्ट दर सहा महिन्यांनी मालकाच्या सहीवर चालतं तिथे कोण लिहून देणार की मला पीएफ पाहिजे? माझे वडील आयुष्यभर लेथवर होते, शॉप छोटं म्हणून पीएफ नाही, शॉप बंद पडलं तेव्हा हातात शेवटचा पगार, तोही निम्मा. पंचविशीत सगळेच रोख मागतात हो, मीपण मागितले असते, म्हणून तर सक्ती लागते.

ताळेबंद
सीए आहे म्हणून दोन गोष्टी, बाकी भांडण चालू द्या. एक, ठेकेदाराकडून आलेली माणसं पण वीसमध्ये मोजतात आणि बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढून दहा-दहा केले तरी जागा, मशिनं, मालक एकच दिसला तर दोन्ही एकत्र धरतात. हा सल्ला देणारे भरपूर भेटतील, नोटीस आली की फोन उचलत नाहीत. दोन, कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा एक दिवस जरी उशिरा भरला तरी मार्च 2026 पर्यंतच्या वर्षांसाठी इन्कम टॅक्समध्ये त्याची वजावट कायमची गेली, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे कामगाराचे पैसे तुमचं उत्पन्न धरून त्यावर टॅक्स, शिवाय 12 टक्के व्याज आणि दंड वेगळा. बिल अडकलं म्हणून ते पैसे स्टीलच्या खरेदीत फिरवायचे, ही सवय सगळ्यात महाग पडते.

फॅब्रिकेटर_भोसरी
हेच म्हणतोय ना मी! आणि एक सांगा, माझ्या म्हातारपणाचं काय? प्रोप्रायटरला पीएफ नाही. नव्या टॅक्स रिजीममध्ये एटी सी (80सी, बचतीवरची वजावट) गेलं, पीपीएफची वजावट गेली. नोकरदाराला मालकाने एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरलेल्यावर 14 टक्क्यांपर्यंत सूट मिळते, मी स्वतःच स्वतःचा मालक तर मला शून्य.

दुपारची_शिफ्ट
12 लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही आता, मग वजावट कशावर पाहिजे?

फॅब्रिकेटर_भोसरी
12 च्या वर गेलो की काय ते सांगा की.

पेन्शनर_95
दोघांचंही ऐकून हसू येतंय. मी रीतसर भरणारा. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 पेन्शन फंडात जातात, त्यातून मिळतं काय? सूत्र असं की पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. पगाराची मर्यादा 15,000, म्हणजे आजच्या पोराने तीस वर्षं घासली तर सात हजाराच्या आत. आमच्या वेळी मर्यादा 6,500, त्याआधी 5,000, मग आमचं काय होणार. किमान पेन्शन 2014 मध्ये 1,000 केली ती तिथेच. पीएफच्या खात्यावरचं व्याज चांगलं आहे, 8.25 टक्के, त्याबद्दल तक्रार नाही. पण सक्तीचं कौतुक करणाऱ्यांनी हजार रुपयात महिना काढून दाखवावा.

यारा_नदीकाठ
मेलबर्नला आहे. इथे पहिल्याच माणसापासून सुपर (सुपरॅन्युएशन, म्हणजे इथला पीएफ) भरावं लागतं, वीस वगैरे काही नाही, 1 जुलै 2025 पासून दर 12 टक्के. कामगाराच्या पगारातून कापत नाहीत, मालक वरून भरतो. आमच्या ओळखीतले मराठी हॉटेलवाले सुरुवातीला जाम कुरकुरतात, मग थाळीच्या किमतीत धरतात. धंदेवाल्याला स्वतःसाठी सक्ती इथेही नाही, पण स्वतःहून भरलं तर टॅक्समध्ये वजावट मिळते, त्या बाबतीत भोसरीकरांचं रास्त आहे.

शिरोली_कास्टिंग
भोसरीकर, माझ्याकडं बत्तीस माणसं हायत, गेली कैक वर्षं पीएफ भरतोय. कोटेशनला तुम्ही नि मी समोरासमोर आलो की तुमचा रेट कमी येतो, आणि तो तुमच्या हुशारीमुळं न्हवं, तुम्ही पीएफ भरत नाय म्हणून. ऐच्छिक केलं की मी उद्या मेलो, कारण मग मला पण बंद करायला लागणार. आमचा एक मोल्डर रस्त्यावर अपघातात गेला, पीएफमुळं त्याच्या बायकोला विमा मिळाला (सात लाखांपर्यंत असतोय, आणि त्याचा हप्ता तुमच्या त्या 150 मधले 75, ज्याच्यावर तुम्ही रडताय), शिवाय पेन्शन. रोख घेतलेल्याच्या बायकोला काय, तर आपण वर्गणी काढायची.

फॅब्रिकेटर_भोसरी
विम्याचं मान्य, ते मला माहीत नव्हतं असं नाही पण असं बघितलं नव्हतं. तरी रेटचा मुद्दा उलटा आहे दादा. सगळ्यांना पहिल्या माणसापासून लावा, मी तयार आहे, पण मग ऑर्डर देणाऱ्या कंपनीने पीएफचा आकडा रेटमध्ये वेगळा दाखवून 15 तारखेच्या आत द्यायचा.

शिरोली_कास्टिंग
ते कोण देणार हाय? मागून बघा एकदा.

ताळेबंद
मोठ्या कंपन्या ठेकेदाराचं बिल पास करायच्या आधी पीएफ भरल्याचं चलन मागतात. चलन आधी, पैसे नंतर. उलटं करणारी मी तरी अजून बघितली नाही.