मदत हवी आहे – केरळमधलं तोलपावकूत्तू (चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ) देवळातच बघायचंय

नमस्कार मंडळी, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर लोकांच्या चामड्याच्या बाहुल्या बघून झाल्यात, आता आईला घेऊन केरळला तोलपावकूत्तू बघायला जायचंय, पण हॉटेलातला तासाभराचा टुरिस्ट शो नकोय, भद्रकालीच्या देवळासमोर जे कायमचं कूत्तुमाडम (या खेळासाठी बांधलेला रंगमंच) असतं ना, तिथलाच रात्रभराचा खेळ हवाय. देवी दारिकासुराशी लढण्यात गुंतली म्हणून तिचं राम-रावण युद्ध बघायचं राहिलं, त्यामुळे हा खेळ मुळात तिच्यासाठीच, प्रेक्षक असोत नसोत! पडद्यामागे नारळाच्या करवंट्यांत २१ दिवे लावतात आणि कंब रामायणातली (कंबन कवीचं तमिळ रामायण) पदं म्हणतात, मला तेच मागून बघायचंय, आत सोडतात का कोणाला? की देवळाचे नियम कडक असतात?

सीझन साधारण जानेवारी ते मे एवढंच कळलंय. पालक्काड, त्रिशूर भागात नेमक्या कुठल्या देवळात कधी आहे हे आधी कोणाला विचारायचं? कोकण रेल्वेने शोरनूरपर्यंत जाऊ, पुढे रात्री रिक्षा वगैरे मिळते का? आईचे गुडघे दुखतात, बसायला खुर्ची मिळेल का तेही सांगा. आणि ७, १४, २१ दिवस चालतं म्हणतात, एकच रात्र जमणार असेल तर युद्धकांडाची धरावी का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.