वेरूळ उरकून परत फिरू नका

कुणीतरी म्हटलंय, वेरूळ बघायचं आणि परत फिरायचं, मराठवाड्यात हिरवं काय बघणार! अहो, लेणी झाली की घाट चढा, चारेक किलोमीटरवर खुलताबाद. उंचावर असल्यामुळे हवा गार, श्रावणात तर डोळे निवतात. निद्रिस्त मारुती बघायचा तर भद्रा मारुतीला जा, फक्त शनिवार टाळा, फार गर्दी.

खरी मजा खुलताबादजवळच्या सुलीभंजनच्या डोंगरावर. एकनाथ महाराजांनी तिथे तप केलं म्हणतात. दत्तमंदिराजवळच्या मोठ्या दगडावर खड्याने टकटक करा, धातूच्या भांड्यासारखा खणखणतो! पुढे म्हैसमाळ हे थंड हवेचं ठिकाणही आहे, पण धुक्यात गाडी जपून. मे महिन्यात जाऊन नाकं मात्र मुरडू नका. दिवाळीच्या आसपास गेलात तर दौलताबादची सीताफळं घ्याच, भाव करून.