सायकलस्वाराच्या अपघाताची बातमी चार ओळींतच का संपते?

कर्वेनगरकर:
मी गेली 11 वर्षे पुण्यात कर्वेनगरहून डेक्कनला सायकलने कामावर जाते. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीचे रखवालदार काका पहाटे सायकलने घरी परतत असताना त्यांना एका टेम्पोने धडक दिली आणि त्यांचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. टेम्पोचालकावर गुन्हा दाखल झाल्याचे त्यांत होते. परंतु तेथे आखलेला सायकल मार्ग मध्येच तुटतो आणि सायकलस्वाराला भर वाहतुकीत उतरावेच लागते, याचा उल्लेखही नव्हता. त्याच अंकात एका नियोजित उड्डाणपुलाला मात्र पाऊण पान दिले होते. या दोन बातम्यांचा परस्परांशी संबंध आहे, असे वृत्तपत्रांना का वाटत नाही?

निवृत्त उपसंपादक:
आपण विचारलेल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर कामाच्या वाटणीत आहे. अपघात हा गुन्हे वार्ताहराचा विषय असतो आणि त्याच्या हाती पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक येते, ज्यात कोणी कोणाला धडक दिली आणि फिर्याद कोणी दिली एवढेच असते. रस्त्याची रचना हा महापालिका वार्ताहराचा विषय. तो निविदा, स्थायी समितीची बैठक आणि भूमिपूजन यांत गुंतलेला असतो. घटनास्थळी जाऊन रस्ता पाहणे हे दोघांपैकी कोणाचेच काम ठरत नाही. मी स्वतः अशा कितीतरी बातम्या चार ओळींत बसवल्या, याचे मला आज वाईट वाटते.

वाहतूक अभ्यासक:
वाटणीइतकाच मोजमापाचाही दोष आहे. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने 2006 मध्येच वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य द्या, असे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज–स्वारगेट मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी बससेवा, सुरू झाली. तिच्यात खरे दोष होते आणि त्यांवर टीका व्हायलाच हवी होती; पण बसची मार्गिका ‘रिकामी’ दिसते, हा आक्षेप सतत छापला गेला. बस निघून गेली की मार्गिका रिकामी दिसणारच, कारण 60 माणसे एकाच वाहनातून पुढे गेलेली असतात. तीच 60 माणसे मोटारींतून निघाली तर कोंडी होते, छायाचित्र निघते आणि बातमी रुंदीकरणाची मागणी करते. सायकल मार्गाचेही तसेच होते. तो ओस पडल्याचे छायाचित्र येते, परंतु त्याच्या तोंडाशी लागलेल्या दुचाकी आणि मध्येच उभा असलेला विजेचा डीपी चौकटीबाहेर राहतो.

सहकारनगर:
सगळा दोष वार्ताहरांच्या माथी मारणे मला पटत नाही. महापालिकेने 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला भरपूर जागा दिली होती. पाठपुरावा कमी पडला, आणि तो आपणा वाचकांकडूनही कमी पडला. अंदाजपत्रकात सायकल मार्गांसाठी तरतूद झाली की बातमी येते. वर्षअखेरीस त्यातले किती खर्च झाले आणि किती रक्कम वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळली, ही खरी बातमी असते. माहिती अधिकार कायद्यानुसार हे आकडे मागता येतात आणि अर्जाला 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते हाती घेऊन वार्ताहराकडे गेल्यास त्यालाही लिहिणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

कर्वेनगरकर:
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी मी तो मार्ग चालून पाहिला. तुटलेला भाग माझ्या 140 पावलांचा आहे आणि तेवढ्या अंतरात रस्त्यावरचा एक दिवा बंद आहे. ही माहिती छायाचित्रांसह मी महापालिका वार्ताहर आणि गुन्हे वार्ताहर, दोघांनाही एकाच पत्राने पाठवत आहे. तरतुदीसाठीचा माहिती अधिकाराचा अर्जही लिहून झाला आहे. काकांचे प्लास्टर अजून निघालेले नाही. बरे झाल्यावर ते पुन्हा त्याच रस्त्याने सायकलनेच येणार आहेत, कारण त्यांची पाळी संपते त्या वेळी त्यांच्या वस्तीकडे जाणारी पहिली बस सुटलेली नसते.