लिफ्ट अ‍ॅक्सल चालत्या अ‍ॅक्सलच्या पुढे की मागे?
ट्रकचा उचलता येणारा (लिफ्ट) अ‍ॅक्सल, म्हणजे गरज नसताना रस्त्यावरून वर उचलता येणारी चाकांची जोडी, ही नुसती टायर वाचवायची सोय आहे, असं काही जण म्हणतात. टायर वाचतात हे खरंच, पण माझ्या मते तो चालत्या अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

६×२ ट्रकमध्ये (तीन अ‍ॅक्सल, त्यातला एकच चालता) इंजिनाची ताकद मागच्या दोन अ‍ॅक्सलपैकी एकालाच मिळते; तोच चालता अ‍ॅक्सल. दुसरा फक्त वजन पेलतो आणि तोच उचलता येतो. तो पुढे असेल (पुशर), तर उचलल्यावर व्हीलबेस, म्हणजे रस्त्याला टेकलेल्या सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, बदलत नाही. मागे असेल (टॅग), तर उचलताच व्हीलबेस आखूड होतो आणि गाडी कमी जागेत वळते; पण मागे लटकणारा भाग वाढतो. तिथे जड माल असला की तरफेसारखं होऊन पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग पकड सोडतं. रिकाम्या गाडीत मात्र टॅग उचलला की त्याच्यावरचं वजन चालत्या चाकांवर येतं, म्हणून निसरड्या चढावर फार उपयोग होतो.

मला सगळ्यात आवडते ती वळणाऱ्या टॅग अ‍ॅक्सलची रचना. तिची चाकं पुढच्या चाकांच्या उलट दिशेला वळतात, त्यामुळे टायर रस्त्यावर घासत नाहीत. अरुंद गल्ल्यांत फिरणाऱ्या कचरागाड्यांना ती म्हणूनच शोभते. वेग वाढला की ही चाकं सरळ ठेवली जातात.

मागे तीन अ‍ॅक्सल असलेली ट्रायडेम रचनाही आहेच. चेसिसच्या मागच्या टोकाला क्रेन बसवायची असेल, तर मी तीच निवडेन.