एमआरआय नॉर्मल, तरी पापण्या मिटतात

वर एकांनी विचारलंय की आईच्या पापण्या आपोआप घट्ट मिटतात, पण एमआरआय स्वच्छ आला, मग हा मनाचा खेळ का? नाही हो. आमच्या म्हापशाच्या मावशीला हाच आजार आहे, ब्लेफरोस्पाझम. तिच्या एमआरआयमध्येही काही निघालं नाही. शेजारणींनी आधी 'डोळा लवतो, शुभ की अशुभ' यावरच दोन महिने घालवले!

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, पक्षाघाताच्या झटक्याच्या खुणा वगैरे. इथे बिघाड बहुधा कामकाजात असतो. पेट स्कॅन आणि फंक्शनल एमआरआय (मेंदूचं कामकाज दाखवणाऱ्या तपासण्या) वापरून झालेल्या संशोधनात बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस (मेंदूच्या आतले भाग), लहान मेंदू आणि संवेदना-हालचालींचा कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) यांच्या जाळ्यात फरक दिसले आहेत. मात्र ते रुग्णांच्या गटांची सरासरी काढून दिसलेले फरक. एकट्या माणसाचं निदान त्यावरून होत नाही, तेव्हा त्यासाठी खिसा रिकामा करू नका. निदान डॉक्टर बघूनच करतात.

चेहऱ्याची एकच बाजू ओढली जात असेल तर प्रकरण वेगळं. तिथे रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबतेय का, हे एमआरआयवर बघतात.

मावशीची गंमत म्हणजे भजन म्हणताना डोळे उघडे राहतात, मिरामार किनाऱ्यावरच्या उन्हात मात्र गच्च बंद. बोलणं-गाणं, कानशिलाला बोट लावणं यांनी काहींना तात्पुरता आराम पडतो. उजेडाने त्रास वाढतो. तिला स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सची इंजेक्शनं लागू पडली, साधारण तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात. अमेरिकेत या आजारासाठी त्यांना 1989 सालीच मान्यता मिळाली होती.