प्रामाणिक पात्र मिळमिळीत का वाटतं?

प्रामाणिक पात्र रंगमंचावर मिळमिळीत वाटतं, हे मत मला पटत नाही. मिळमिळीत असते ती त्याची परीक्षा. खरं बोलल्यावर पात्राचं काय जाणार, हे प्रेक्षकाला आधी ठाऊक नसेल तर कबुलीला वजन येत नाही. म्हणून किंमत पहिल्या अंकातच दिसायला हवी: नोकरी, बहिणीचं लग्न, राहतं घर. आणि खोटं सहज पचेल अशी वाटही उघडी हवी. साक्षीदाराने पुरावा ठेवल्यावर नायक कबूल करतो, तिथे परीक्षा झालीच नाही. तो फक्त सापडला.

किंमत आधी दिसली की प्रेक्षक खोटंही समजून घेतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' (१८८२) हे नाटक पाहा. कृष्ण बलरामाला फसवतो, अर्जुन यतिवेष घेतो, तरी आपल्या गोव्यातल्या प्रेक्षकाला ते खुपत नाही, कारण सुभद्रेचं लग्न तिच्या मनाविरुद्ध दुर्योधनाशी ठरत असतं.

जत्रेच्या नाटकात, देवळापुढच्या मंडपात, कबुलीचं वाक्य ये-जा करणाऱ्या गर्दीत हरवतं. ते लहान ठेवा, आधी पार्श्वसंगीत थांबवा, समोरच्या पात्राला लगेच बोलू देऊ नका. आणि नटाला रडवू नका: प्रेक्षक कीव करू लागतो, निर्णय विसरतो.